सहाची मर्यादा आणि सलग बारा दिवस

रोस्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘आठवड्यात जास्तीत जास्त दिवस’ असा एक रकाना असतो. बहुतेक व्यवस्थापक तिथे 6 टाकतात आणि कायदा पाळला असे धरून चालतात. आकडा चुकीचा नाही, अपुरा आहे.

मुळशीतल्या एखाद्या रिसॉर्टचे रोस्टर घ्या. पावसाळ्यात ताम्हिणीच्या वाटेवर शनिवार-रविवारी झुंबड उडते, म्हणून कामगारांचे ऑफ सोमवार ते शुक्रवारात बसवावे लागतात. समजा, 2026 च्या ऑगस्टमध्ये एका वेटरला सोमवारी, 3 तारखेला ऑफ आहे. पुढच्या आठवड्यात घरच्या साखरपुड्यासाठी तो रविवार, 16 तारीख मागून घेतो. आठवडा सोमवारपासून धरला तर सॉफ्टवेअर 4 ते 9 हे सहा दिवस मोजते, मग 10 ते 15 हे सहा. दोन्ही आठवडे हिरवे. माणूस मात्र सलग बारा दिवस ड्युटीवर, आणि त्यात 15 ऑगस्टच्या शनिवारची गर्दी.

1948 चा कारखाना कायदा लिहिणाऱ्यांना ही फट दिसली होती. कलम 52 नुसार रविवारची सुट्टी आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत हलवता येई. एक सुट्टी गुरुवारवर ओढली, पुढची बुधवारवर ढकलली, की मधे बरोबर बाराच दिवस उरतात. म्हणून त्याच कलमात सलग दहापेक्षा जास्त दिवस काम नको, अशी दुसरी मर्यादा घातलेली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या संहितेतही आठवड्याला सहा दिवसांचा मूळ नियम आहेच. रिसॉर्टला कारखाना कायद्याचा नियम लागू नव्हता, पण दहाची ही मर्यादा उसनी घ्यायला कोणाची हरकत असणार?

काही सॉफ्टवेअर ‘कोणत्याही सलग सात दिवसांत सहा’ असे मोजतात. हा उपाय दिसतो चोख, पण सोमवारचा ऑफ पुढच्या आठवड्यात मंगळवारवर नेला तरी सिस्टीम अडवते. मग वैतागलेला सुपरवायझर नियमच बंद करून टाकतो. त्यापेक्षा आठवड्याला सहा आणि सलग दहा, अशा दोन मर्यादा एकत्र लावणे मला जास्त व्यवहार्य वाटते.

रात्रपाळीत गोंधळ वेगळा. उदाहरणासाठी मुळशी तालुक्यातलीच हिंजवडी घ्या. तिथे शनिवारी रात्री दहाला सुरू झालेली शिफ्ट रविवारी सकाळी सहाला सुटते. सॉफ्टवेअर शिफ्ट सुरू झाल्याची तारीख मोजत असेल, तर रविवारचा चौकोन रिकामा दिसतो. त्याच माणसाला रविवार संपताच रात्री बाराला पुन्हा बोलावले, तर विश्रांती मिळाली अठराच तास. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याला साप्ताहिक सुट्टी सलग चोवीस तासांची लागते. तेव्हा सुट्टीची मोजणी तारखेवरून न करता शिफ्ट सुटल्याच्या वेळेपासून करायला हवी. कारखाना कायद्याचे कलम 57 हेच सांगत होते.

शेवटी अपवाद. ऑफच्या दिवशी बोलवावे लागतेच, त्यामुळे मर्यादा मोडण्याचे बटण पूर्ण काढून टाकण्यात अर्थ नाही. मात्र ते दाबताना कारण लिहायला लावावे आणि त्याच क्षणी कॉम्प ऑफची नोंद उघडावी. बुडालेल्या सुट्टीची भरपाई 2017 च्या कायद्यानुसार दोन महिन्यांत द्यायची असते, म्हणून त्या नोंदीवर शेवटची तारीखही सिस्टीमनेच टाकावी.