वेगमापक : गिअर बदलानंतरची अचूकता

वाहनाचा वेग दाखवणारे उपकरण, बोलीभाषेत ‘मीटर’. वेगमापक रस्त्यावरचा वेग थेट मोजत नाही. तो एखाद्या दांड्याचे किंवा चाकाचे फेरे मोजतो आणि कारखान्याने धरलेले गिअरचे गुणोत्तर व टायरचा परीघ यांवरून वेग दाखवतो. यांतले काही बदलले व मीटर तेच राहिले, तर काटा चुकतो.

रचना : चुंबकीय वेगमापकाचे पेटंट जर्मनीतील ओटो शुल्झे यांनी 1902 मध्ये घेतले. तारेने फिरणारे चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीला आपल्याबरोबर ओढते, बारीक स्प्रिंग तिला रोखते आणि या ओढाताणीत काटा सरकतो. नव्या गाड्यांत तारेच्या जागी सेन्सर असतो.

बदलाचा परिणाम : मोजणी कुठून होते, यावर सारे अवलंबून असते. जुन्या व्हेस्पा स्कूटरमध्ये मीटरची तार पुढच्या चाकातून निघे. अशा गाडीत इंजिन वा गिअर बदलले तरी काटा चुकत नाही. जुन्या महिंद्रा जीपमध्ये मात्र तार क्राउन-पिनियनच्या, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीच्या, अलीकडून निघते. तिथे 43:8 दात्यांची मूळ जोडी काढून 39:8 ची बसवली, तर त्याच वेगाला दांडा कमी फिरतो आणि काटा मागे राहतो : मीटर 60 दाखवत असताना खरा वेग सुमारे 66 असतो. मोठे टायरही काटा असाच मागे ठेवतात. 215/75 आर 15 ऐवजी 235/75 आर 15 घातल्यास फरक सुमारे 4 टक्के पडतो. दोन्ही बदल एकदम केल्यास 60 च्या काट्याला गाडी 69 ने धावते. किलोमीटरचा आकडाही त्याच तारेवर चालत असल्याने कमी पडतो. गाडीचे ॲव्हरेज घसरल्याचा भास होतो, डिझेल मात्र तेवढेच जळलेले असते.

बारामती परिसरातील माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांकडे ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची गोष्ट वेगळी. ट्रॅक्टरचे मीटर मुख्यतः इंजिनाचे फेरे व तास दाखवते. त्यावर वेगाचे आकडे छापलेले असले, तरी ते ठरावीक गिअर आणि ठरावीक टायरपुरतेच खरे असतात.

दुरुस्ती : तारेच्या टोकाची गरारी बदलतात. 20 दात्यांऐवजी 18 ची बसवल्यास काटा सुमारे 11 टक्के पुढे जातो. दाते पूर्ण संख्येतच असल्याने मेळ क्वचितच तंतोतंत बसतो. सेन्सरच्या गाडीत संगणकातील आकडा बदलावा लागतो.

नियम : केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 117 वेगमापकासंबंधी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम 39 प्रमाणे काटा खऱ्या वेगाच्या खाली कधीच नसावा; खरा वेग 60 असताना तो 70 पर्यंत दाखवला तरी चालते. म्हणून कारखाने काटा थोडा पुढेच ठेवतात आणि गिअर बदलल्यावर ही राखीव जागा संपते. वाहनातील फेरबदलांवर मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 चे बंधन आहे.

पडताळणी : बारामती-इंदापूर पालखी मार्गावर काटा 60 वर स्थिर ठेवून शेजारच्या माणसाने लागोपाठच्या दोन किलोमीटर-दगडांमधला वेळ मोजावा. 60 सेकंद लागले, तर मीटर बरोबर. 54 लागले, तर गाडी सुमारे 67 ने धावत आहे.