बाबांचं कर्ज आणि ऑयलरची संख्या

बाबांनी मे २०१९ मध्ये वीस वर्षांचं गृहकर्ज काढलं. हप्त्यांचं वेळापत्रक काढायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. शेवटच्या हप्त्याची तारीख ५ मे २०३९ यायला हवी होती. आली मार्च १९०३ची. बाबा म्हणाले, "म्हणजे पणजोबांनीच फेडलं की काय?"

चूक माझीच होती. तारखेला मी ३२ बिटांचीच जागा दिली होती. या पद्धतीत संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो. एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हाला गेला की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. म्हणजे ३१ वेळा २ घेऊन केलेला गुणाकार, वजा १. त्यात आणखी एक मिळवला की चिन्ह उलटतं आणि घड्याळ थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडतं.

ही संख्या संगणकाहून बरीच जुनी आहे. १६४४ साली मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं अशा घडणीच्या कोणत्या संख्या मूळ आहेत, त्याची यादी दिली. तिच्यात ३१ होता, पण सिद्धता नव्हती. यादीत चुकाही होत्या. त्यातला ६७ पुढे खोटा ठरला.

३१ची सिद्धता १७७२ साली लिओनार्ड ऑयलरनं दिली. तो तेव्हा सेंट पीटर्सबर्गमध्ये होता. दृष्टी जवळपास गेलेली, आदल्याच वर्षी शहरातल्या आगीत घर जळालेलं. या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं वर आहे. तिथवरच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून पाहायचं तर साडेचार हजारांहून जास्त भागाकार. ऑयलरनं दाखवलं की, भाजक असलाच तर त्याला २४८नं भागून बाकी १ किंवा ६३च उरली पाहिजे. उमेदवार राहिले पावणेचारशेच्या आत, त्यातले मूळ नसलेलेही गळाले. उरलेल्यांपैकी एकानंही नि:शेष भाग गेला नाही.

१८११ साली पीटर बार्लोनं लिहिलं की, या संख्येपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही. या संख्या निव्वळ कुतूहलाच्या, त्यांच्यामागे लागणार कोण? १८७६ मध्ये एद्वार ल्युकानं ३९ अंकी मूळ संख्या सिद्ध केली आणि बार्लोचं भाकीत मोडलं.

संगणकानं ही संख्या ती मूळ आहे म्हणून निवडली नाही. १६ बिटांची अशीच मर्यादा ३२,७६७ आहे आणि तिला ७नं भाग जातो. ३१च्या वाट्याला दोन्ही गोष्टी आल्या, हा योगायोग. पण बार्लोला जी 'निव्वळ कुतूहला'ची वाटली, तीच आज अनेक जुन्या यंत्रांची वेळ संपण्याची खूण आहे. भारतात तो क्षण १९ जानेवारी २०३८च्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी येईल.

माझा प्रोग्राम मी ६४ बिटांवर नेला. त्या सकाळी बाबांचे सोळा हप्ते बाकी असतील.