भट्टीचा ताप आणि धुराचा हिशेब सांगणारा लेझर

औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलरमध्ये कोळशाची भुकटी जळत असते, तेव्हा आतील वायूचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या बरेच वर गेलेले असते. तेथे थर्मोकपल खोचले तर ते स्वतःचे तापमान सांगते, वायूचे नव्हे. त्याची उष्णता प्रारणाने तुलनेने थंड भिंतींकडे सतत निघून जाते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. शिवाय राखेच्या माऱ्यात ते फार दिवस तगत नाही. वायूचा नमुना नळीने बाहेर ओढून तपासावा, तर तो गाळावा आणि थंड करावा लागतो. अमोनियासारखा वायू तोवर नळीतील ओलाव्यात विरघळून जातो. उत्तर हाती येते तेव्हा भट्टीतील परिस्थिती पालटलेली असते. भट्टीच्या एका भिंतीतून प्रकाशकिरण सोडायचा, समोरच्या भिंतीशी तो टिपायचा आणि वाटेत त्याचे काय झाले यावरून आतील वायूची माहिती काढायची, ही लेझर शोषण वर्णपटमापनाची पद्धत या अडचणीतूनच उद्योगांत रुजली.

तिचे मूळ मात्र जुने आहे. जर्मन प्रकाशतज्ज्ञ योझेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील काळ्या रेषांची नोंद केली व ठळक रेषांना अक्षरे दिली. त्यांपैकी सुमारे ७६० नॅनोमीटर तरंगलांबीजवळची ‘ए’ ही रेषा सूर्याची नाहीच. ती पृथ्वीच्या वातावरणातील ऑक्सिजनची आहे. आज भट्टीतील ऑक्सिजन मोजणारे लेझर याच पट्ट्यात काम करतात. प्रत्येक वायूचा रेणू ठरावीक तरंगलांबींचाच प्रकाश शोषतो. किती शोषतो, हे वाटेत किती रेणू भेटले यावर ठरते. बूगेर (१७२९), लँबर्ट (१७६०) आणि बेअर (१८५२) यांच्या कामातून या संबंधाचा नियम सिद्ध झाला. प्रमाण वाढले किंवा किरणाची वाट लांबली की पलीकडे पोहोचणारा प्रकाश घातांकी वेगाने घटतो.

हा नियम धुराने भरलेल्या भट्टीत वापरायचा तर साधा दिवा चालत नाही. वातावरणाच्या दाबाला बाष्पाच्या एका शोषणरेषेची रुंदी सुमारे ०.०२ नॅनोमीटर असते. एवढ्या बारीक फटीत नेमका बसणारा प्रकाश १९६२ मध्ये अवतरलेल्या अर्धवाहक डायोड लेझरने मिळवून दिला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रोनाल्ड हॅन्सन व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ज्वलनवायूंचा अशा लेझरने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हाचे अवरक्त लेझर अतिशीत अवस्थेतच चालत, त्यामुळे ते प्रयोगशाळेबाहेर पडणे कठीण होते. वाट मोकळी केली ती दूरसंचार उद्योगाने. प्रकाशतंतूंसाठी बनलेले लेझर नेहमीच्या तापमानाला चालतात, आणि बाष्प, अमोनिया व मिथेन यांच्या उपयुक्त रेषा सुदैवाने त्याच तरंगलांबींच्या आसपास आहेत.

लेझरचा विद्युतप्रवाह किंचित कमीजास्त केला की त्याची तरंगलांबीही सरकते. सेकंदाला शेकडो-हजारो वेळा ती रेषेवरून पुढेमागे फिरवता येते. राख आणि काजळीही प्रकाश अडवतात, पण एवढ्या अरुंद पट्ट्यात त्या सर्व तरंगलांबींना सारख्याच अडवतात. वायू मात्र रेषेवरच खळगा पाडतो. खळग्याची खोली दोन्ही काठांच्या तुलनेत मोजली की धुळीचा परिणाम वजा होतो. पद्धतीचे खरे मर्म येथे आहे.

तापमानासाठी बाष्पाच्या दोन रेषा निवडतात. १३९२ आणि १३४३ नॅनोमीटरजवळची जोडी अभ्यासकांच्या विशेष वापरातली आहे. वायू तापतो तसे अधिक रेणू वरच्या ऊर्जापातळ्यांवर जातात आणि तेथून शोषण करणारी १३४३ची रेषा दुसरीच्या तुलनेत बळावते. दोन्ही रेषा एकाच बाष्पाच्या, एकाच वाटेवरच्या. त्यामुळे त्यांच्या गुणोत्तरातून बाष्पाचे प्रमाण गळून पडते व तापमान उरते. हे तापमान प्रमाण मोजायलाही लागते. तेवढ्याच खोलीचा खळगा वेगळ्या तापमानाला वेगळे प्रमाण दाखवतो. कोणत्या रेषेचे बळ किती, याची मोठी नोंदवही म्हणजे अमेरिकेत संकलित होणारी ‘हिट्रान’ ही माहितीसूची. उष्ण वायूंसाठी तिचीच जोडसूची ‘हायटेम्प’ आहे.

तापमान आणि प्रमाण एकत्र कळण्याची निकड धूर स्वच्छ करताना जाणवते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक वीज केंद्रांतून निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर मर्यादा घातल्या. राज्यातील चंद्रपूर, कोराडी येथील केंद्रेही त्या कक्षेत येतात. ही ऑक्साइडे घटवण्याचा एक उपाय म्हणजे तप्त धुरात अमोनिया किंवा युरिया फवारणे. उत्प्रेरकाशिवाय ही क्रिया साधारण ८५० ते ११०० अंश सेल्सिअस याच टप्प्यात नीट होते. ताप कमी पडला तर अमोनिया न वापरता पुढे निसटतो. तो गंधकाच्या ऑक्साइडांशी मिळून चिकट क्षार बनवतो आणि एअर प्रीहीटर तुंबवतो. ताप जास्त झाला तर अमोनियाच जळून नवे नायट्रिक ऑक्साइड तयार होते. म्हणजे औषधानेच रोग वाढतो. निसटणारा अमोनिया दशलक्षात काही भाग एवढाच असतो, आणि तो जागच्या जागी मोजण्यास लेझर सोयीचा ठरतो.

अडचणी आहेतच. नायट्रोजन व आरगॉन यांचा अशा अवरक्त प्रकाशाशी जवळपास संबंध नसल्याने ते या पद्धतीला दिसत नाहीत. किरण संपूर्ण वाटेची सरासरी सांगतो. एका कोपऱ्यात ज्वाळा भडकलेली आणि दुसऱ्यात मंद असेल, तर अनेक किरणांचे जाळे विणून हिशेब करावा लागतो. भारतीय कोळशात राख सहज ३० ते ४५ टक्के असते. रुंद धूरमार्गात ती किरणाला जवळपास गिळून टाकते, म्हणून वाट आखूड ठेवावी लागते. खिडक्यांवर राख बसू नये यासाठी सतत स्वच्छ वायूचा झोत सोडतात. ऑक्सिजन मोजायचा असेल तर हा झोत हवेचा चालत नाही, नायट्रोजनचा लागतो. नाहीतर झोतातील ऑक्सिजनही हिशेबात धरला जातो.

नेमका हाच धडा मंगळावरही गिरवावा लागला. २०१२ मध्ये तेथे उतरलेल्या ‘नासा’च्या क्युरिऑसिटी गाडीत असाच एक लेझर वर्णपटमापक आहे. मिथेनसाठी त्याचा किरण लहानशा कोठडीत आरशांवरून ८१ फेऱ्या मारतो आणि सुमारे १७ मीटरांची वाट जमवतो. कोठडीच्या अलीकडच्या कप्प्यात फ्लोरिडाची हवा आधीच शिरलेली होती. तिच्यातील पृथ्वीचा मिथेन ओळखून वजा करावा लागला. त्यानंतर या उपकरणाने सरासरी अब्जात ०.४ भागांच्या आसपास, ऋतूनुसार बदलणारे प्रमाण नोंदवले. जून २०१९ मध्ये एकदा ते २१ भागांवर गेले. युरोपच्या ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ने कक्षेतून घेतलेल्या मोजमापांत मात्र, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मिथेन आढळलाच नाही, असलाच तर तो अब्जात ०.०५ भागांहून कमी असावा, असे ते निष्कर्ष सांगतात. दोन्ही निष्कर्षांची सांगड कशी घालायची, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे.