घर घेतलं, रद्दी फुकट मिळाली

दर वेळी आपण लढाया, तह, किल्ले यांच्याबद्दल बोलतो. आजचा भाग मात्र एका भंगारवाल्याच्या काट्यापासून सुरू होतो. आणि शेवटी मला एक कबुलीही द्यायची आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप.

तर झालं असं. बाबा निवृत्त झाले आणि आईबाबांनी वाईत एक जुनं घर घेतलं. कृष्णेच्या घाटापासून पाच मिनिटांवर. खाली दोन खोल्या, वर दोन, त्यावर माळा, मागे परसात पाणी तापवायचा बंब. मालक कित्येक वर्षं परगावी. व्यवहार झाला, किल्ली हातात आली आणि आम्ही दार उघडलं.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. तुटकी बाज, तीन स्टोव्ह, उंदरांनी कुरतडलेल्या गाद्या, गंजलेले पत्र्याचे डबे, बंद पडलेला टीव्ही, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, वीस-पंचवीस वर्षांची कॅलेंडरं, लग्नपत्रिकांचे गठ्ठे, दिवाळी अंक. आई उंबऱ्यातच म्हणाली, "यांनी घर विकलं की गोडाऊन?"

बाबांनी मालकांना फोन लावला. ते अगदी सज्जनपणे म्हणाले, "तुम्हाला हवं ते ठेवा हो, बाकी टाकून द्या. आता आमच्यातलं कोणी येणार नाही तिकडे."

माझ्याकडे शनिवार-रविवार दोनच दिवस होते. सोमवारी सकाळी ऑफिसचा कॉल. म्हणून शनिवारीच भंगारवाले काका बोलावले. पेपर १२ रुपये किलो, लोखंड वेगळं, पुठ्ठा वेगळा. माळ्यावरचं मी वरून खाली ढकलत होते आणि बाबा पोत्यात भरत होते. कागद म्हटलं की कागद. कोण बघतंय आत काय आहे? माळ्याच्या कोपऱ्यातलं एक पोतं भरलं १८ किलो. त्याचे झाले २१६ रुपये. संध्याकाळी त्याच पैशांचे वडापाव आणि चहा.

रविवारी त्याच कोपऱ्यात, कौलांच्या उताराखाली, आणखी एक गाठोडं हाताला लागलं. विटलेलं लाल कापड, चौकोनी, चार टोकं एकत्र बांधलेली. आत लांबट, जाडसर, तपकिरी कागद. वर एक सरळ रेघ आणि तिला लटकलेली गोलगोल, सलग अक्षरं. दोन शब्दांमध्ये जागा नाही, मध्येच पेन उचललेलं नाही.

मोडी. मला वाचता येत नाही, पण ओळखता नक्की येते. एवढे भाग केलेत मी!

आणि मग पोटात गोळा आला. काल याच कोपऱ्यातून काय गेलं?

काका दुसरी फेरी घ्यायला आले तेव्हा विचारलं, "काका, कालच्या पोत्यात असं कापडात बांधलेलं काही होतं का?"

"होतं की ताई. दोन होती. फडकी काढून ठेवली, चांगली होती. कागद गेला."

गेला म्हणजे सकाळीच गाडीत भरून पुढे गेला. तिथून गिरणीत, लगदा व्हायला. फडकं उपयोगाचं होतं म्हणून राहिलं.

आता जरा मागे जाऊ. फार नाही, सव्वाशे वर्षं. गाव मात्र तेच, वाई.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. जन्म १८६३. यांनी आयुष्यभर जे केलं त्याला आजच्या भाषेत सांगायचं तर लोकांच्या माळ्यावरची रद्दी तपासणं म्हणता येईल. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं होती, म्हणजे थेट पानिपतापर्यंतची. आणि हे कागद त्यांना मिळाले होते वाईत. सरकारी कचेरीत नाही, एका घरात.

त्या पत्रांमध्ये काय आहे? सदाशिवरावभाऊंची गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रं त्यात आहेत. आपल्याला वाटतं, पानिपत म्हणजे तलवारी आणि तोफा. पत्रांचा सूर वेगळा आहे. पैसा पाठवा, रसद पाठवा, अब्दालीचा पुरवठा तोडा. वाचताना मला आमच्या ऑफिसचा ग्रुप आठवतो. डेडलाइन जवळ येतेय, एक माणूस वारंवार मेसेज टाकतोय, आणि दुसऱ्या बाजूने हवं ते येतच नाहीये. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. पोटात अन्न नसलेली फौज लढली, हे आपल्याला आज इतक्या तपशिलात समजतं, त्यात असल्या कागदांचा मोठा वाटा आहे. कोणीतरी ते बंबात घातले नाहीत म्हणून.

राजवाडे मग गावोगाव फिरले. पुढे त्यांनी या मालेचे एकूण २२ खंड काढले. ७ जुलै १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, त्याच्या संस्थापकांपैकी ते एक. शेवटची वर्षं धुळ्यात, आणि तिथेच ३१ डिसेंबर १९२६ ला मृत्यू. पण त्यांना प्रत्येक दारात चहापाणी मिळत नव्हतं. कोणी दप्तर दाखवायलाच तयार नसे, तर कुठे कागद आधीच वाळवीने खाल्लेले, पावसाने कुजलेले किंवा वाण्याकडे पुड्या बांधायला गेलेले असत.

इथे मला एक प्रश्न पडला. ज्या घरांनी हे कागद दोन-दोनशे वर्षं जपले, त्याच घरांना ते अचानक कचरा का वाटायला लागले? लोक एकाएकी बेफिकीर झाले का?

मला वाटतं, नाही. दोन गोष्टी झाल्या.

पहिली गोष्ट म्हणजे हक्क गेला. कागद कोणी इतिहास म्हणून जपत नव्हतं. ती वतनाची सनद होती, इनामाचा पुरावा होता, भावकीच्या वाटणीचा निवाडा होता. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजांनी हळूहळू विचारायला सुरुवात केली: ही जमीन तुम्हाला इनाम आहे? कागद दाखवा. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला तसे अधिकारच दिले. कागद नसेल किंवा पटला नाही, तर इनाम जप्त. म्हणजे कागद एकीकडे जिवापाड जपायचा आणि दुसरीकडे परक्या माणसाला दाखवायचा नाही. राजवाड्यांना दारं बंद का मिळाली असतील, याचा अंदाज इथे येतो. दप्तर मागायला आलेला माणूस सरकारचा नाही कशावरून? मग स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने परगणे आणि कुलकर्णी वतनं रद्द झाली. ज्या हक्कासाठी कागद होता तो हक्कच संपला. पासवर्ड जपून ठेवलाय, पण अकाउंट डिलीट झालंय.

दुसरी गोष्ट, लिपी गेली. मोडी ही भरभर लिहायची लिपी. बोरूने, हात न उचलता. छापखान्यात मात्र बाळबोध, म्हणजे आपली आजची देवनागरी चालली. साधारण १९५० च्या आसपास शाळेतूनही मोडी गेली. आजोबांना वाचता यायची, वडिलांना थोडी, नातवाला शून्य. भाषा मराठीच, घरही तेच, पण कागद मुका झाला.

हक्क नाही आणि वाचताही येत नाही. मग तो माळ्यावर जातो. आणि घर विकलं जातं तेव्हा नव्या मालकाची मुलगी तो १२ रुपये किलोने विकते.

तर आमच्या उरलेल्या गाठोड्याचं काय झालं? कागद निघाले ३१. मी त्यांचे फोटो काढले आणि मोडी शिकवणाऱ्या एका निवृत्त सरांना दाखवले. सरांनी चष्मा पुसला, पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, "फार आशा ठेवू नकोस हं. घरखर्च आहे."

खरंच घरखर्च होता. तेल, गूळ, गवंड्याची मजुरी, कुणाच्या तरी बारशाचा खर्च. ना पेशवे, ना पानिपत. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सर वाचत राहिले आणि एका पानावर थांबले. "शके १७९९. म्हणजे इसवी सन १८७७-७८. दुष्काळाचं साल."

१८७६ ते १८७८ चा दख्खनचा मोठा दुष्काळ. सातारा जिल्हाही त्यात होरपळला. यावर पुस्तकं आहेत, सरकारी अहवाल आहेत. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशोबाने मजुरी द्यायची, असं रिचर्ड टेंपल यांनी ठरवलं आणि सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला, हे आपण वाचू शकतो. पण वाईतल्या एका घरात तेव्हा काय चाललं होतं?

ते त्या पानांवर होतं. आधीच्या पानांवर जोंधळा पायलीने येतो. मग शेराने येतो. गूळ नाहीसा होतो. गवंडी नाही, बारसं नाही. आणि मग एक ओळ: पाटल्या एक जोड, गहाण. पुढे रुपयांचा आकडा आणि सावकाराचं नाव.

सरांनी कागद खाली ठेवला. आई शेजारीच होती. तिने विचारलं, "सुटल्या का पाटल्या?"

सर म्हणाले, "पुढच्या रुमालात असेल." अशा कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात.

पुढचा रुमाल. तो होता की नव्हता, मला माहीत नाही. पण मी विकलेल्या पोत्यात दोन होते, एवढं मला माहीत आहे. आई काहीच बोलली नाही. मीही नाही.

ही माझी कबुली. राजवाड्यांवर तासभर बोलू शकणारी मी, त्यांच्याच वाईत, कागद न बघता वजनावर विकून मोकळी झाले. मला कोणी फसवलं नाही, भंगारवाल्या काकांचीही काही चूक नाही. मला सोमवारी सकाळी कॉल होता, एवढंच.

आणखी एक गंमत सांगते आणि थांबते. त्याच घरात, खालच्या खोलीत, एका डब्यात दहा फ्लॉपी सापडल्या. प्रत्येकीत १.४४ एमबी. एकीवर लेबल होतं 'प्रोजेक्ट फायनल', दुसरीवर 'प्रोजेक्ट फायनल नवीन'. म्हणजे काही गोष्टी पिढ्यानपिढ्या बदलत नाहीत. मी इंजिनिअर. म्हटलं, हे तर माझं क्षेत्र. ड्राइव्ह मागवला. दहापैकी एकही उघडली नाही. दीडशे वर्षांपूर्वीचा घरखर्च वाचता आला, आणि माझ्या जन्माच्या आसपासचा प्रोजेक्ट गेला तो गेलाच. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागाही मिळाली, आज ती फोनवर टाइप करता येऊ शकते. पण लिपी कोडमध्ये असणं वेगळं आणि वाचणारा माणूस असणं वेगळं.

सगळंच जपा, असं मी म्हणणार नाही. गाद्या आम्ही फेकल्याच, टीव्हीही दिला. घरात राहायचं तर जागा लागते. राजवाड्यांनीही मिळालेला प्रत्येक कागद छापला नाही. त्यांनी आधी वाचलं, मग निवडलं. मी आधी विकलं, मग वाचलं. फरक एवढाच.

म्हणून तुमच्याकडे, मामाकडे, आत्याकडे कुठे घर आवरायचं निघालं, तर तीन गोष्टी करा. कागद वजनावर घालण्याआधी पोतं एकदा उघडा. रेघेला लटकलेली सलग अक्षरं दिसली तर बाजूला ठेवा आणि दिवसाच्या उजेडात फोटो काढा. गठ्ठा सोडला तर क्रम बदलू नका, कारण पाटल्या गहाण पडल्या आणि सुटल्या, हे क्रमावरूनच कळतं. मग वाचणारा शोधा. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, तिथे शिकलेली मंडळी जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. आणि मूळ मालकांना एक फोन नक्की करा.

मी केला. पाटल्यांची ओळ वाचून दाखवली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, "आमची आजी एका जोडाबद्दल बोलायची. आम्हाला वाटायचं, म्हातारी काहीतरी सांगते." ते कागद आता त्यांच्याकडे आहेत, फोटो माझ्याकडे. लाल कापड मात्र आईने मागून घेतलं. धुतलं नाही, नुसतं झटकून घडी घातली.

मी सध्या मोडीच्या वर्गाला जाते. 'क' नीट जमत नाहीये अजून.

भेटू पुढच्या भागात. तोवर माळ्यावर एक चक्कर मारा.