नागरिकत्व एक, पारपत्रे दोन

बहरीनच्या पश्चिम किनाऱ्यावरील झल्लाक गावात राहणाऱ्या भारतीय कामगाराजवळ ओळखीचे दोन दस्तऐवज असतात : बहरीनचे सीपीआर कार्ड आणि भारताचे पारपत्र. ओळखपत्रे सुलभ व्हावीत, दुहेरी नागरिकत्व मिळावे, ही मागणी परदेशस्थ भारतीय वारंवार करतात. परंतु या मागणीचा इतिहास आखातातून पाहिला, तर त्यात आणखी एक प्रश्न दडलेला आढळतो.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकेशी तुलना केली. तेथे संघाचे एक आणि घटकराज्याचे एक, असे दुहेरी नागरिकत्व होते. भारतात मात्र राज्ये अनेक असली तरी नागरिकत्व एकच राहील आणि माणूस कोणत्याही राज्यात राहत असला तरी त्याचे हक्क समान असतील, असे त्यांनी स्पष्ट केले. पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाला या तरतुदीचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली. या कलमाइतकी डोकेदुखी मसुदा समितीला क्वचितच दुसऱ्या कलमाने दिली, अशी कबुली बाबासाहेबांनी तेव्हा दिली. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणारी व्यक्ती भारताची नागरिक राहत नाही, असे अनुच्छेद ९ सांगतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानेही तेच तत्त्व कायम ठेवले.

नागरिकत्व एक झाले. पारपत्राची वाट मात्र सर्वांना सारखी नव्हती. १९५० च्या दशकात ब्रिटनला जाऊ इच्छिणाऱ्या अशिक्षित, अकुशल श्रमिकांना पारपत्र मिळू नये, याकडे सरकारी धोरणाचा कल होता. अशा लोकांमुळे परदेशात देशाची प्रतिष्ठा कमी होते, अशी त्यामागची धारणा होती. शिक्षण आणि पैसा यांपासून ज्यांना वंचित ठेवले गेले, त्यांच्यावरच या निकषांचा भार पडणे अटळ होते. १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्याच वर्षी पारपत्र कायदा झाला. सरकारच्या मर्जीची जागा कायद्याने घेतली.

तरीही वर्गवारी संपली नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यामुळे दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराच्या पारपत्रावर ‘ईसीआर’ हा शेरा येऊ लागला. बहरीनसह ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते. फसवणुकीपासून संरक्षण हा या कायद्याचा हेतू रास्तच आहे. पण जानेवारी २०१८ मध्ये अशा कामगारांसाठी नारिंगी रंगाचे वेगळे पारपत्र काढण्याची घोषणा झाली, तेव्हा कमी शिकलेला माणूस विमानतळावर दुरूनच ओळखू येईल, अशी सोय होऊ लागली होती. प्रखर टीकेनंतर त्याच महिन्याच्या ३० तारखेला हा निर्णय मागे घेण्यात आला.

दुसरीकडे, लक्ष्मीमल सिंघवी समितीने जानेवारी २००२ मध्ये दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली. तिच्यातून निघालेली ‘ओसीआय’ योजना २००३ च्या दुरुस्तीत सोळा देशांपुरती होती. २००५ मध्ये ती विस्तारली. या कार्डाने व्हिसाची कटकट मिटली. पण मतदानाचा हक्क नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे हे नागरिकत्व नव्हेच. आणि झल्लाकच्या कामगाराला तेही उपयोगाचे नाही. बहरीनच्या १९६३ च्या कायद्यानुसार अरबेतर व्यक्तीला नागरिकत्वासाठी पंचवीस वर्षांचे वास्तव्य लागते. तो भारताचाच नागरिक राहतो आणि एक दिवस भारतातच परततो.

त्याच्याकडे मत आहे. २०१० च्या दुरुस्तीने अनिवासी भारतीयांना मतदार यादीत नाव नोंदवता आले. परंतु मत देण्यासाठी गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८ मध्ये संमत केले, पण राज्यसभेत ते संमत होण्यापूर्वीच लोकसभेची मुदत संपली आणि ते रद्द झाले. एका दिवसाच्या मतदानासाठी विमानाचे भाडे कोणता मजूर भरेल?

म्हणून दुहेरी नागरिकत्वाची मागणी करताना आपण तिचा क्रम तपासावा. ज्यांना दुसरे नागरिकत्व मिळू शकते त्यांची सोय जरूर व्हावी. पण एकाच देशाचा नागरिक असलेल्याला त्या एकाच नागरिकत्वाचे पूर्ण मोल अजून मिळालेले नाही. एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे तत्त्व समुद्र ओलांडल्यावर संपत नाही.