पलायनाचा खंजीर

‘डोटा’ या सांघिक रणक्रीडेच्या जुन्या नकाशात, दुकानातील इतर शस्त्रास्त्रांच्या जोडीला, एक खंजीर विकत मिळे आणि त्याचे नाव ‘केलेनचा पलायन-खंजीर’ असे होते. तो जवळ असला म्हणजे वीराला निमिषार्धात बाराशे मापांचे अंतर ओलांडून दुसरीकडे प्रकट होता येई. तेव्हा ज्याने ही वस्तू योजिली त्याच्या मनात संकटातून निसटणारा, झाडीत नाहीसा होऊन जीव वाचविणारा वीर असावा, हे त्या नावावरूनच उघड होते. परंतु या खेळाचा जो काही वीस-बावीस वर्षांचा इतिहास आहे तो पाहू गेल्यास, ज्या प्रसंगांमुळे हा खंजीर लोकांच्या स्मरणात राहिला ते बहुतेक प्रसंग संकटातून बाहेर पडण्याचे नसून संकटाच्या ऐन गाभ्यात आपण होऊन उतरण्याचे आहेत, असे दिसून येते. याचे कारण एका लहानशा नियमात आहे. शत्रूच्या वीराचा घाव अंगावर बसला की पुढे तीन सेकंद हा खंजीर निकामी होतो. म्हणजे मार खाल्ल्यावर जो पळू पाहतो त्याला तो दगा देतो, आणि ज्याला अद्याप कोणी पाहिलेले नाही, ज्याच्यावर अद्याप कोणी हात उगारलेला नाही, लढाईचा मुहूर्त ज्याच्या स्वतःच्या हाती आहे, त्यालाच तो वश होतो.

आपल्या जुन्या फौजेत अग्रभागी चालणाऱ्या तुकडीला बिनी म्हणत आणि स्वतःचा घोडा नसल्यामुळे धन्याच्या घोड्यावर चाकरी करणाऱ्या स्वाराला बारगीर. बिनीचे काम सरदाराचे. बारगिराने त्याच्या मागून जावयाचे. डोटामध्ये मात्र बिनीची जोखीम आणि बारगिराचे दारिद्र्य ही दोन्ही एकाच माणसाच्या पदरात पडली. खेळाडूंच्या बोलीत त्याला नुसते ‘सपोर्ट’ म्हणतात, आणि लढाईला तोंड लावण्याच्या त्याच्या कामाला ‘इनिशिएट करणे’. ही विलक्षण व्यवस्था कशी जन्मास आली आणि तिच्यातून एक स्वतंत्र कसब कसे वाढीस लागले, हे थोडे सविस्तर सांगावे असे मला पुष्कळ दिवस वाटत होते.

मुळाशी गेल्यास ‘स्टारक्राफ्ट’ या खेळात हौशी लोकांनी रचलेला ‘इऑन ऑफ स्ट्राइफ’ नावाचा नकाशा सापडतो. २००२ साली ‘वॉरक्राफ्ट ३’ प्रसिद्ध झाला आणि त्याबरोबर नकाशे रचण्याचे साधनही लोकांच्या हाती आले. तेव्हा युल या टोपणनावाच्या एका रचनाकाराने २००३ मध्ये त्या जुन्या कल्पनेवर ‘डिफेन्स ऑफ द एन्शंट्स’ उभारला. पुढे त्याच्या अनेक शाखा झाल्या, त्यांतील वेचक वीर एकत्र करून ‘ऑलस्टार्स’ ही आवृत्ती निघाली, तिचा कारभार गिन्सूकडे आणि २००५ मध्ये आइसफ्रॉगकडे गेला. हे सर्व काम बिनमोबदला, रात्री जागून आणि खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाचून वाचून झाले आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वॉरक्राफ्टमधील वृषभमुखी टॉरेन सरदाराला शत्रूंच्या घोळक्यात शिरून जमिनीवर पाय आपटण्याची आणि भोवतालच्यांना जागच्या जागी बधिर करण्याची शक्ती होती. डोटातील ‘अर्थशेकर’ हा वीर त्याच जातकुळीचा आणि प्रारंभी त्याच रूपाचा. बिनीच्या बारगिराची गोष्ट सांगताना त्याच्याइतका योग्य नायक दुसरा नाही.

आता दारिद्र्याचा हिशेब. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू असतात, आणि रणांगणावर ठरावीक वेळाने येणाऱ्या पायदळातील शिपायाला जो अखेरचा घाव घालतो त्यालाच सोने मिळते. हे सोने पाचांत सारखे वाटले तर पाचही अर्धपोटी राहतात. म्हणून फार लवकरच असा दस्तूर पडला की, ज्या वीराचे सामर्थ्य विकत घेतलेल्या शस्त्रांवर अवलंबून आहे त्या ‘कॅरी’ला पहिला घास द्यावा, आणि क्रमाने उतरत चौथ्या-पाचव्याने उरल्यासुरल्यावर भागवावे. जुन्या काळी या चौथ्या-पाचव्याच्या हाती खेळाच्या आरंभी जे सुमारे ६०० सोने पडे, त्यातूनच सर्वांसाठी सामान वाहणारे कुरिअर जनावर आणि टेहळणीचे वॉर्ड त्यानेच घ्यावयाचे, म्हणजे निम्म्याच्या आसपास खजिना पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच रिता होई. वॉर्ड सहा-सात मिनिटांनी विझतात, आणि विझले की पुन्हा लावावे लागतात. ज्याने एखाद्या घराचा जमाखर्च तुटपुंज्या मिळकतीत सांभाळला आहे त्याला या खेळाडूची अवस्था अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

मग अशा निष्कांचनाकडेच लढाईला तोंड लावण्याचे काम का जावे? उत्तर सरळ आहे. शत्रूला बधिर करण्याची विद्या सोन्यावर वाढत नाही, अनुभवाच्या पायरीवर वाढते. अर्थशेकरपाशी एक दमडी नसली तरी त्याची ‘फिशर’ जमीन दुभंगून शत्रूला थोपवितेच. शिवाय घोळक्यात प्रथम शिरणारा बहुधा मरतो, आणि कॅरी मेला तर वीस मिनिटांची कमाई निष्फळ होते. सपोर्ट मेला तर संघाचे त्या मानाने थोडेच बिघडते. त्याच्या मरणाची किंमत कमी म्हणून ते काम त्याचे. ऐकायला हे निष्ठुर वाटते खरे, पण या निष्ठुर हिशेबातूनच त्या भूमिकेची प्रतिष्ठा निर्माण झाली, कारण लढाईचा क्षण निवडण्याचा अधिकार पाचांतल्या सर्वांत गरिबाकडे आपोआप चालत आला.

त्या अधिकाराची सनद म्हणजे तो खंजीर, आणि त्याची किंमत सव्वादोन हजारांच्या घरात. कॅरीला ती रक्कम काही मिनिटांची. सपोर्टला वीस मिनिटांची, दिवस वाईट असला तर त्याहून अधिक काळाची. येथेच त्या काळी खऱ्या खेळाडूची पारख होई. खंजिरासाठी सोने साठवावे तर वॉर्ड लागत नसत आणि कॅरी अंधारात मारला जाई. वॉर्ड लावीत राहावे तर खंजीर दुरावे आणि लढाया दुसऱ्याच्या मर्जीने होत. काही जण या पेचात वॉर्ड सोडून देत, आणि खंजीर हाती येईपर्यंत डाव हातचा गेलेला असे. उत्तम खेळणारा दोन्ही करी; तो रिकाम्या पडलेल्या वाटेवरचे चार शिपाई, कॅरी ज्यांकडे फिरकणार नाही असे झाडीतले एखादे जनावर, असे शोधून शोधून दाणा-दाणा जमवी, आणि तरीही टेकडीवरचा वॉर्ड विझू देत नसे.

खंजीर हाती आल्यावर काम संपत नाही, तेथून कसबाला आरंभ होतो. अर्थशेकरच्या अखेरच्या विद्येचे नाव ‘इको स्लॅम’. तिचे गणित असे की, जमिनीचा हादरा प्रत्येक शत्रूवर आदळून उलट उमटतो आणि शेजारच्याला पुन्हा लागतो. म्हणून शत्रू एकटा असला तर ती विद्या मामुली, आणि पाच वीर, त्यांच्या भोवती पायदळ, जोडीला कोणा मायावी वीराच्या दहा-बारा प्रतिमा अशी दाटी असली तर प्रलयंकारी. सबब अर्थशेकर खेळणाऱ्याने गर्दीची वाट पाहिली पाहिजे. झाडांआड, शत्रूच्या वॉर्डाच्या नजरेबाहेर, उंचवट्याच्या काठाशी तो उभा राहतो. त्याच्या चार सोबत्यांना मागे मागे ढकलले जात असते, त्यांतील एखादा मरणाच्या दारात असतो, हेडफोनमध्ये आरडाओरडा चाललेला असतो, आणि तरीही त्याने बोट कळीवर ठेवून दाबू नये, हे त्या खेळाचे सर्वांत अवघड कर्म आहे. घाई केली तर एक सापडतो, विलंब केला तर शत्रूचा मुख्य वीर ‘ब्लॅक किंग बार’ चालवून जादूच्या पलीकडे जातो. या दोहोंमधला अवकाश एक सेकंदाचाही नसतो. पण त्या सेकंदापूर्वीचा विचार कितीतरी मिनिटांचा असतो: शत्रूची कोणती विद्या नुकती खर्च झाली, आपला कॅरी किती पावलांवर आहे, उडी मारल्यावर मागून कोण येईल. सोबती दूर असताना घेतलेली उडी कितीही अचूक असली तरी ती आत्महत्याच होय, आणि नवशिक्यांच्या दहांतल्या आठ उड्या, माझ्या पाहण्याप्रमाणे, याच कारणाने फुकट जातात.

आइसफ्रॉग २००९ मध्ये व्हॉल्व कंपनीत गेला, आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील कोलोन शहरी ‘द इंटरनॅशनल’ ही पहिली जागतिक स्पर्धा भरली. विजेत्यास दहा लक्ष डॉलर मिळाले. जिंकलेल्या नातुस विन्सेरे, म्हणजे ‘नावी’, या संघाचा कर्णधार आर्टस्टाइल हा युक्रेनचा खेळाडू सपोर्टच होता. आणि पुढेही अनेक संघांत कर्णधारपद याच भूमिकेकडे गेले. ज्याला शिपाई मारण्याच्या गडबडीतून सवड आहे, आणि लढाई केव्हा सुरू करावी याचा विचार ज्याला सतत करावाच लागतो, त्याच्याकडे मसलतीचा हुकूम जावा, हे स्वाभाविक होते.

२०१५ च्या ८ ऑगस्टचा सिॲटलमधील प्रसंग या इतिहासात सर्वांच्या ओठांवर आहे. अंतिम सामना अमेरिकेचा एव्हिल जीनियसेस आणि चीनचा सीडीईसी यांच्यात, अमेरिकन संघ २-१ ने पुढे, चौथा डाव. रोशन नावाच्या महाकाय पशूच्या विवरात सीडीईसीचे पाचही वीर एकत्र आले. तेवढ्यात दूरवरून ‘आइस ब्लास्ट’ येऊन पाचांवर फुटला. ही विद्या ज्याला लागते त्याचा घाव काही काळ भरत नाही, आणि त्याचे प्राण एका मर्यादेखाली उतरले की तो जागच्या जागी गोठून चुरा होतो. त्याच अवधीत युनिव्हर्स या नावाने खेळणारा, भारतीय वंशाचा, साहिल अरोरा याचा अर्थशेकर त्यांच्यात उतरला आणि इको स्लॅम झाला. पाहता पाहता संघाची वाताहत झाली, सामना संपला, आणि विजेत्यांना साठ लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम मिळाल्यामुळे त्या एका हादऱ्याला त्याच किमतीचे नाव पडले. लोक हादरा आठवतात, आणि तो आठवण्यासारखाच आहे. परंतु येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. त्या दिवशी अर्थशेकर हा सपोर्ट नव्हता, तो तिसऱ्या क्रमांकाचा, बऱ्यापैकी कमाईचा वीर होता. त्या लढाईतील खरा बारगीर होता पीटर डेगर, ऊर्फ पीपीडी, त्या संघाचा कर्णधार आणि पाचव्या क्रमांकाचा खेळाडू. आइस ब्लास्ट त्याचा होता. तो पाचांवर बसला म्हणूनच नंतरचा हादरा प्राणांतिक ठरला.

दुसऱ्या एका खेळात, ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये, निमिषार्धात उडी घेण्याची ‘फ्लॅश’ ही शक्ती वीराला विकत घ्यावी लागत नाही. तिथे पैशाऐवजी मिनिटे मोजावी लागतात. कोरियाच्या मॅडलाइफने २०१२ च्या सुमारास शत्रूला ओढून आणणाऱ्या आपल्या अचूक ‘हुक’ने सपोर्टकडे प्रेक्षकांची नजर वळविली, हे त्या खेळाच्या इतिहासात मानाचे पान आहे. पण सोन्याचा पेच तेथे तितका तीव्र नव्हता, म्हणून मी त्यावर अधिक रेंगाळत नाही.

अर्थशेकरला खऱ्या अर्थाने सपोर्टच्या आसनावर बसविले ते फिनलंडच्या जेरॅक्सने. ओजी या त्याच्या संघाने २०१८ मध्ये व्हँकुव्हरला आणि २०१९ मध्ये शांघायला, अशी लागोपाठ दोन वर्षे जागतिक स्पर्धा जिंकली. असे पूर्वी कोणत्याच संघाला साधले नव्हते. चौथ्या क्रमांकावर खेळणारा हा तरुण फिशरने शत्रूची वाट अडवी, त्यांच्यातल्या एकाला भिंतीपलीकडे एकटा पाडी, आणि मोठी विद्या न वापरताच पुष्कळदा लढाई निकालात काढी. २०१९ च्याच नोव्हेंबरमध्ये नियम पालटले; प्रत्येकाला स्वतंत्र कुरिअर फुकट मिळू लागले, आणि टेहळणीच्या वॉर्डांचीही किंमत पुढे उरली नाही. बारगिराच्या खिशात सोने राहू लागले, खंजीर लवकर येऊ लागला. हे न्यायाचे झाले, यात मला शंका नाही. तरीही ज्यांनी तो जुना ओढाताणीचा हिशेब हाताने केला आहे, त्यांच्या बोटांत जो संयम मुरला तो मला फार आदरणीय वाटतो.

२०१९ च्या एप्रिलमध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएलची आंतरराष्ट्रीय डोटा स्पर्धा झाली, आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-क्रीडा स्पर्धेत भारताच्या डोटा संघाने कांस्यपदक मिळविले. या दोन्ही बातम्या वाचताना मला पुण्यातील एक सायबर कॅफे आठवला. सुमारे २००७ सालची गोष्ट. जिना चढून गेले की दहा-बारा यंत्रे, चपलांचा ढीग, आणि पेनड्राइव्हवरून एका यंत्रातून दुसऱ्यात उतरविलेला नकाशा. मी माझ्या भाच्याला घरी नेण्यासाठी जात असे आणि सामना संपेपर्यंत त्याच्या खुर्चीमागे उभा राहत असे. कोपऱ्यातल्या यंत्रावर एक अबोल मुलगा नेहमी अर्थशेकर घेई. एके संध्याकाळी त्याचे सोबती ‘अरे, जा ना आत! काय बघत बसलायस?’ म्हणून ओरडत होते. दोघे मेले, तिसरा मरणार, आणि तो झाडीतून हलेना. मग पलीकडच्या रांगेतली पाचही मुले एकाच वाटेवर पायदळासह पुढे सरकली. त्याने दोन कळा दाबल्या. पलीकडून एकदम गलका उठला, एकाने कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

सामना संपल्यावर पडद्यावर जो तक्ता आला त्यात त्या मुलाचे सोने सर्वांहून कमी होते आणि मरणे सर्वांहून जास्त. यंत्रे बंद करण्याआधी आणखी एक डाव खेळावा असे ठरले. दोन्ही बाजूंच्या मुलांनी नव्याने संघ पाडायला घेतले, आणि पलीकडच्या रांगेतून पहिली हाक आली ती त्याच्याच नावाची: ‘ए, तू ये आमच्याकडे. शेकर तूच घे.’