दिनविशेष : १ डिसेंबर – नेव्हिल डिसूझा यांची ऑलिम्पिक हॅटट्रिक
१९५६ : मेलबर्न ऑलिम्पिकच्या फुटबॉल उपांत्यपूर्व सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यांपैकी तीन गोल आघाडीवीर नेव्हिल डिसूझा यांचे होते. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले.

डिसूझा यांचा जन्म १९३२ मध्ये गोव्यात झाला. मुंबईत ते टाटा आणि कॅलटेक्स या संघांकडून खेळले. मेलबर्नच्या उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही त्यांनी गोल केला. मात्र भारत तो सामना १-४ असा हरला आणि स्पर्धेत चौथा आला. चार गोलांसह डिसूझा स्पर्धेतील संयुक्त सर्वाधिक गोल करणारे खेळाडू होते. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले. ऑलिम्पिक फुटबॉलमधील ते चौथे स्थान ही भारताची आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.